एकल व्हायोलिन : लय आधी की दाणा आधी?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकमध्ये पाश्चात्त्य व्हायोलिनच्या सादरीकरणांत हल्ली एक चाल पडून गेली आहे. बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या ई मेजर पार्टिताचा (नृत्यमालेचा) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, घ्यायचा आणि मेट्रोनोमच्या १३८ वर (मिनिटाला १३८ ठोके), जमलं तर त्याच्याही वर पळवायचा. टाळ्या पडतात. मात्र तार बदलताना मधले स्वर गिळले गेले त्याचं काय, असं विचारलं की "टेम्पोच तसा आहे" हे उत्तर ठरलेलं. मला हे पटत नाही. एकल व्हायोलिनला झाकायला साथ नसते. जो स्वर ऐकू आला नाही तो वाजलाच नाही. लय दाण्यावरून, म्हणजे प्रत्येक स्वर सुटा आणि स्पष्ट ऐकू येतो की नाही यावरून, ठरवावी.

थोडा हिशेब मांडतो. प्रेल्यूड १३८ बारचा (ठोक्यांच्या गटांचा) आहे, बारला तीन ठोके, म्हणजे ४१४ ठोके, आणि जवळजवळ प्रत्येक ठोक्यात चार स्वर. १०४ वर वाजवला तर चार मिनिटांत संपतो, १२० वर साडेतीन मिनिटांच्या आत, १३८ वर बरोबर तीन मिनिटांत. सेकंदाला अनुक्रमे सात, आठ आणि सव्वानऊ स्वर. १३८ वर एका स्वराच्या वाट्याला सेकंदाचा नववा भागच येतो. तेवढ्यात मोकळी (बोट न ठेवलेली) ई तार, चारांतली सर्वांत वरची, सत्तरेक कंपनं करते, पण सर्वांत खालच्या मोकळ्या जी तारेची कंपनं सेकंदाला १९६, म्हणून तिची जेमतेम एकवीस होतात. बोच्या (गजाच्या) केसांनी तार धरायची आणि सोडायची, ही घडी बसायलाच पहिली काही कंपनं खर्ची पडतात. ई तारेवर ते कळतही नाही. जी आणि डी तारेवर मात्र स्वराचा बराच भाग त्यातच जातो आणि उरतो तो खरखरीचा आवाज. म्हणून भरधाव वाजवलेल्या प्रेल्यूडमध्ये वरचे स्वर चमकतात आणि खालचे विरतात.

बाखने १७२० च्या हस्तलिखितात लय लिहिलेली नाही. आकडा लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, मेट्रोनोमचं पेटंट १८१५ चं. पण दोन खुणा आहेत. त्याने सुरुवातीलाच फोर्ते आणि पियानो आलटून पालटून लिहिले आहेत, एकच वाक्य मोठ्याने आणि मग त्याचा पडसाद. पडसाद कानाला कळायला वेळ लागतो. दुसरं, १७३१ मध्ये त्याने हेच संगीत एकोणतिसाव्या कँटाटाच्या (गायन-वादनाच्या रचनेच्या) सुरुवातीला ऑर्गन, ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसह वापरलं. चर्चच्या घुमणाऱ्या वास्तूत ते १३८ वर पळवलं तर नुसता गलका होईल.

माझा नियम सोपा आहे. सतराव्या बारपासून मोकळ्या ई तारेभोवती तीन तारांवर फिरणारं बारियोलाज सुरू होतं. तिथे जी लय दाणेदार राहते, तीच संपूर्ण तुकड्याची लय. पहिल्या पानावर १३८, बारियोलाजला १२२ आणि शेवटी पुन्हा १३८, हे चालणार नाही.

तारषड्ज

गोदाकाठ, कळकळ पोचली, पण नियम म्हणून हे टिकत नाही. लय वाढली की दाणा जातोच, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. व्हायोलिनवर काही दाणे असे आहेत की लय वाढल्याशिवाय ते जन्मालाच येत नाहीत.

सोतिये घ्या. बोच्या मध्याच्या आसपास, अगदी थोड्या केसांत, काठी आपल्या लवचीकपणाने थरथरते आणि प्रत्येक स्वर सुटा पडतो. उडी हाताने मारायची नसते, काठी ती मारते. सेकंदाला साधारण सात-आठ स्वरांच्या खाली आलात की काठी ही उडी सोडून देते. मग एकतर बो तारेला चिकटून राहतो किंवा प्रत्येक स्वर हाताने उचलावा लागतो, तो स्पिकाटो झाला. आवाज वेगळा, स्नायू वेगळे.

पॅगानिनीच्या चोवीस काप्रीसांतली (एकल व्हायोलिनच्या छोट्या रचनांतली) पाचवी, १८२० ची छपाई. त्यात मूळ खूण आहे ती तीन स्वर बो खाली ओढताना उसळीवर आणि चौथा बो वर नेताना. ही उसळी, म्हणजे रिकोशे, बोचं वजन, केसांचा ताण आणि टाकण्याची उंची यांवर ठरते. लय उतरवायची तर बो जास्त उंचावरून, टोकापासून लांब टाकावा लागतो, आणि मग दुसरी-तिसरी उसळी असमान पडते. म्हणजे दाण्यासाठी लय कमी केली आणि दाणाच गेला. बहुतेक वादक ती खूण सोडून सुट्या बोने वाजवतात, तो वेगळा वाद. पण मूळ खुणेने वाजवायचं असेल तर लय तुम्ही ठरवत नाही, बो ठरवतो.

कॉलेजरोड

बारियोलाजबद्दल एक भर घालते. तिथे एक स्वर जागेवर राहतो आणि दुसरा हलतो. दोन्हींत अंतर पुरेसं असेल आणि लय पुरेशी जलद असेल, तरच कान त्यांना दोन स्वतंत्र धारांत वेगळं करतो. ९० वर तेच बार वाजवा, एकच वाकडीतिकडी ओळ ऐकू येते. १२० च्या पुढे खालचा आवाज आपला आपण गाऊ लागतो. गोदाकाठकाका, तुम्हाला हवी असलेली स्पष्टता नेमकी कोणती, सुट्या स्वराची की ओळीची? ६७ व्या बारपासून तोच प्रकार मोकळ्या ए तारेभोवती येतो, तिथेही ऐकून बघा.

गोदाकाठ

ताई, दोन धारा वेगळ्या पडतात हे खरं, म्हणून तर मी ९० म्हणत नाहीये. ११२ ते १२० मध्ये त्या पडतातच. प्रश्न १३८ चा आहे. तिथे मोकळी ई तार शिट्टी मारते. बो ए तारेवरून ई वर जोरात, तिरका किंवा फार हलका आला की तार आडवी न डोलता स्वतःभोवती पिळवटून कंपते, आणि तो किंकाळीसारखा आवाज येतो. घाईत कोपर वेळेवर खाली येत नाही, म्हणून हे जास्त होतं. पाचव्या काप्रीसबद्दल तारषड्जांचं मान्य. पण प्रेल्यूड सोतियेचा तुकडा नाही, तो तारेवर राहणाऱ्या बोचा आहे.

पंचवटीकर

आमच्या बाजूचं थोडं सांगतो, कारण हा वाद हिंदुस्थानी व्हायोलिनमध्येही तितकाच जुना आहे.

द्रुत तीनताल २८० मात्रांवर असेल आणि तुम्ही दुगुनीत (मात्रेला दोन स्वर) तान घेतली, तर सेकंदाला सव्वानऊ स्वर होतात. म्हणजे बाखचा १३८ आणि आमची दुगुन एकाच जागी येऊन भिडतात. फरक पुढे आहे. आमच्याकडे व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकलेलं असतं, डावा हात वाद्याचं वजन धरत नाही, म्हणून तो सरकायला मोकळा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं) आणि गमक (स्वर हलवणं) त्यातूनच येते. पण तेच बोट तानेत सरकलं की दाणा पुसला जातो. तानेत बोट उचलून ठेवायचं असतं, घासायचं नसतं. अनेक विद्यार्थ्यांची द्रुत तान अस्पष्ट होते ती गजामुळे नव्हे, डाव्या हाताची आलापातली सवय तानेत शिरते म्हणून.

गजाचं म्हणाल तर आठ-आठ स्वर एका गजात घेतले की लय सहज चढते, पण सगळा दाणा डाव्या बोटांच्या ठोक्यावर येऊन पडतो. बोट पट्टीवर जोरात पडण्यापेक्षा झटकन उचललं जाण्याने दाणा सुटतो, विशेषतः अवरोहात. सुट्या गजाने वाजवलं तर दाणा उजव्या हातातून येतो, पण २८० वर खांदा आखडतो. म्हणून दोन-दोन स्वरांचा गज हा बऱ्याचदा मधला मार्ग ठरतो.

विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर, त्यांच्याकडे शिकलेल्या व्हायोलिनवादक एन. राजम. नाशिकलाच जन्मलेल्या द. वि. पलुसकरांकडे शिकलेले व्हायोलिनवादक डी. के. दातार. या गायकी अंगाच्या वाजवण्यात द्रुतातही शब्द म्हटल्यासारखा स्वर सुटतो. विष्णु दिगंबरांच्या पंचवटीतल्या रामनाम आधार आश्रमाच्या गावात आपण लयीच्या आकड्यांवर भांडतो आहोत, म्हणून ही आठवण. माझं मत गोदाकाठांच्या बाजूने, पण कारण वेगळं: तान रागाचं चलन सांगत नसेल तर ती कितीही जलद असो, ती तान नव्हे, नुसता पलटा, सरावाची स्वररचना.

ध्वनिवेडा

सभागृहाचा मुद्दा अर्धाच आला आहे. ज्या जागेत आवाज ६० डेसिबलने विरायला दोन सेकंद लागतात, तिथे १३८ च्या लयीत एक स्वर संपून पुढचा येईपर्यंत मागचा जेमतेम ३.३ डेसिबल उतरतो. १०४ वर आलात तर ४.३. म्हणजे इतकी लय उतरवून कमावलं काय, तर एक डेसिबल! घुमणाऱ्या जागेत नुसती लय उतरवून दाणा मिळत नाही. स्वराची सुरुवात टोकदार करावी लागते, बो कमी वापरावा लागतो, आणि स्वर आपल्या जागेच्या साठ-सत्तर टक्क्यांतच संपवावा लागतो.

आता कोरडी जागा घ्या, ०.८ सेकंदांची. तिथे १३८ वर आठेक डेसिबल उतरतात, १०४ वर अकराच्या जवळ. दोन्हीकडे स्वर सुटेच ऐकू येतात. पण कोरडी जागा चुका झाकत नाही, आणि बोचा प्रत्येक ओरखडा पुढच्या रांगेत पोचतो.

नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारख्या उघड्या जागेत तर घुमणंच नाही, जे ऐकू येतं ते स्पीकरमधून. तिथे माइक व्हायोलिनच्या एफ-छिद्राच्या (आवाज बाहेर येणाऱ्या भोकाच्या) फार जवळ लावला की बोची खसखस वाढते. जलद लयीत ती खसखसच लोकांना "स्पष्टता" वाटते. माइक हातभर मागे घ्या, मग ऐका.

तारषड्ज

ध्वनिवेडा यांचा आकडा महत्त्वाचा आहे. गोदाकाठ, चर्चचा दाखला त्यामुळे लंगडा पडतो. ऑर्गन तुटक वाजवला की तोही घुमणाऱ्या वास्तूत ऐकू येतो.

आता सरावाकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. "आधी साफ, मग जलद" म्हणून मुलांना ६० पासून चारचारने मेट्रोनोम चढवायला सांगतात. १०८-११२ ला सगळे अडकतात. कारण असं: सावकाश लयीत कोपरापासून पुढचा पूर्ण हात बो ओढतो, जलद लयीत मनगट आणि बोटं. तार बदलतानाही सावकाश लयीत कोपर प्रत्येक तारेची पातळी गाठतं, जलद लयीत ते दोन तारांच्या मधल्या पातळीवर स्थिर राहतं आणि मनगट वरखाली होतं. ६० वर पक्की केलेली हालचाल १३० वर चालतच नाही. शिडी चढून तुम्ही दुसऱ्याच घराच्या गच्चीवर पोचता.

त्याऐवजी पहिल्या दिवसापासून पूर्ण लयीत फक्त चार स्वर आणि पाचव्यावर थांबा. थांबल्यावर डावा अंगठा ढिला आहे का बघा, खांदा उतरला आहे का बघा. मग पाचव्यापासून पुढचे चार. ते जमले की आठ आणि एक, मग पूर्ण बार. सावकाश सराव सुरांसाठी ठेवा, हालचालीसाठी नको.

गोदाकाठ

चार अधिक एकची पद्धत चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. पण त्याआधी एक पायरी हवीच. डावा हात बाजूला ठेवून बारियोलाजचे बार नुसत्या मोकळ्या तारांवर वाजवायचे. तारांचा क्रम तोच, बो तोच. बहुतेक गोंधळ इथेच सापडतो: मधल्या तारेचा स्वर शेजारच्या तारेला घासतो. हे १२० वर स्वच्छ झाल्याशिवाय डावी बोटं ठेवायची नाहीत. त्यानंतर ठेक्यात बदल करून, एक लांब-एक आखूड, मग उलट. बोटं बोच्या किंचित आधी तारेवर हवीत. मागून आली तर प्रत्येक स्वराच्या तोंडाला अस्पष्ट डाग पडतो, आणि हा डाग १०० च्या खाली कानाला सापडत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून अर्ध्या गतीने ऐकलं की लगेच दिसतो.

आणि लय ठरवताना हवा बघा. इथल्या पावसाळ्यात बोचे केस ढिले पडतात, राळ चिकट होते, उसळी मंदावते. एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच बो ताणून बसतो. जुलैत १२६ वर उडणारा बो मार्चमध्ये तसाच उडेल असं नाही, स्क्रूचा एखादा फेरा इकडेतिकडे करून पुन्हा तपासावं लागतं.

कॉलेजरोड

मग तुमचा शेवटचा आकडा कोणता, काका?

गोदाकाठ

प्रेल्यूडसाठी ११६, फार तर १२०. त्याच्या वर जायचं असेल त्याने ६७ व्या बारपासूनचे बारा बार शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला ऐकवावेत आणि मोकळी ए सोडून खालचा आवाज काय म्हणतो ते त्याला गुणगुणायला सांगावं.

तारषड्ज

चाचणी मंजूर, आकडा नामंजूर. ज्याचा खालचा आवाज १३२ वर गुणगुणता येतो, त्याने १२० वर का थांबावं?