शब्दचर्चा : खलनायक, खलपुरुष की प्रतिनायक?

प्रश्न : 'बॅटमॅन बिगिन्स'चा (२००५) पुढचा भाग असलेल्या 'द डार्क नाइट'विषयी (२००८) मराठीत लिहिताना जोकर आणि हार्वी डेंट या दोघांनाही सरसकट 'खलनायक' म्हटले जाते. हीथ लेजरचा जोकर आणि ॲरन एकहार्टचा डेंट एकाच शब्दात मावतात का? 'खलपुरुष' आणि 'प्रतिनायक' यांच्या छटा वेगळ्या आहेत का?

पहिले उत्तर : वेगळ्या आहेत, पण आधी 'खलनायक' हा समासच पाहावा. 'खल असा नायक' असा विग्रह केला तर तो कर्मधारय होतो आणि 'खलांचा नायक' असा केला तर षष्ठी तत्पुरुष. एरवी हा भेद कोणी मनात आणत नाही, कारण नायकाच्या आड येणारा दुष्ट माणूस एवढाच अर्थ रूढ झाला आहे. या चित्रपटात मात्र दोन पात्रांनी दोन विग्रह जणू वाटून घेतले आहेत. डेंट हा गॉथमचा सरकारी वकील. टोळीवाल्यांना भर न्यायालयात उभे करणारा तो पूर्वार्धात खराखुरा नायकच आहे. दोन्ही बाजूंना सारखाच छाप असलेले नाणे उडवून तो निर्णय नशिबावर सोडल्याचे नुसते नाटक करतो. पुढे त्याची प्रेयसी रेचेल स्फोटात मरते, त्याचा अर्धा चेहरा जळतो, नाण्याची एक बाजू काळी पडते आणि तेव्हापासून त्याच नाण्यावर तो माणसांचे जगणे-मरणे खरोखर ठरवू लागतो. 'खल असा नायक' हे वर्णन त्याला जितके लागू पडते, तितके क्वचितच कोणाला पडेल. टोळ्यांना आपल्या तालावर नाचवणारा जोकर हा 'खलांचा नायक'. (लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळाले ते सहायक अभिनेत्याचे, हे शब्दांच्या दृष्टीने मौजेचे आहे.)

'खलपुरुष' हा जुन्या नाट्यसमीक्षेतला शब्द. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधील घनश्याम हा खलपुरुष, आणि त्याच्या कारस्थानांमागे अपमानाचा सूड हे सरळ कारण आहे.

दुसरे उत्तर : विग्रह पटला, तरी जोकरला टोळ्यांचा नायक म्हणणे मला अपुरे वाटते. टोळीवाल्यांकडून मोबदला म्हणून मिळालेल्या नोटांचा डोंगर तो त्यांच्यातल्याच एकासमोर पेटवून देतो. असा माणूस त्यांचा पुढारी कसला? संस्कृत नाट्यशास्त्रातील 'प्रतिनायक'ही त्याला बसत नाही. धनंजयाने 'दशरूपका'त प्रतिनायकाचे लक्षण 'लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः' असे दिले आहे, आणि त्यातल्या पहिल्याच विशेषणापाशी जोकर अडखळतो, कारण त्याला लोभच नाही. रावण किंवा दुर्योधन यांना काहीतरी हवे असते, म्हणून ते प्रतिनायक ठरतात. गालांवरचे व्रण कसे आले, हे जोकर एकदा बापाने सुरी फिरवली असे सांगतो आणि पुढे बायकोसाठी आपणच गाल चिरून घेतले असे सांगतो. म्हणजे सूडाचे कारणही तो आपल्या हाती लागू देत नाही. माणसांचे चार वर्ग सांगताना स्वार्थासाठी दुसऱ्याचे हित बुडवणाऱ्यांना भर्तृहरीने 'मानुषराक्षस' असे नाव दिले, परंतु जे निष्कारण बुडवतात त्यांच्याविषयी 'ते के न जानीमहे', ते कोण हे आम्हांला ठाऊक नाही, एवढेच म्हटले. शब्दसंपन्न कवीने नाव न देता सोडलेला हा चौथा वर्ग जोकरचा आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या उत्तरदात्याकडून पुरवणी : भर्तृहरीचा दाखला मान्य; 'खलांचा नायक' हे जोकरच्या बाबतीत मी मागे घेत नाही, पण सैल करतो. लेखनापुरते सुचवायचे तर डेंटला 'खलनायक' आणि जोकरला नुसते 'खल' म्हणावे. 'प्रतिनायक' मात्र या चित्रपटाबाबत टाळलेलाच बरा, कारण आजच्या समीक्षेत काही जण तो अँटीहीरोसाठी, म्हणजे रूढ नायकाच्या साच्यात न बसणाऱ्या नायकासाठी, वापरतात. शेवटी डेंटने केलेल्या हत्यांचे पाप आपल्या माथी घेऊन पोलिसांपुढे पळत सुटतो तो बॅटमॅन. तेव्हा 'या चित्रपटातील प्रतिनायक' असे लिहिले, तर निम्मे वाचक जोकर समजतील आणि निम्मे खुद्द बॅटमॅन.