तीन न्यूड (त्वचेच्या रंगाच्या जवळचे) लिप ग्लॉस अगदी सारखेच दिसतात, कोणता घ्यावा? (उद्यापर्यंत ठरवायचे आहे)

गोदाकाठची
नमस्कार. निक्स या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या बटर ग्लॉसमधील मॅडेलीन, प्रॅलीन आणि टिरामिसू या तीन छटांमध्ये मी चार दिवसांपासून अडकले आहे. मोबाइलवर एक दुधाळ चहासारखी, दुसरी जरा जास्त उकळलेल्या चहासारखी आणि तिसरी त्यात थोडी कॉफी पडल्यासारखी दिसते. यापलीकडे मला फरक कळत नाही. मागच्या वेळी एका वेगळ्या कंपनीचा ग्लॉस असाच फोटो पाहून मागवला होता. तो ओठांवर चुना लावल्यासारखा पांढुरका दिसला आणि नळी उघडलेली असल्यामुळे परतही घेतला गेला नाही. रविवारी बहिणीचा साखरपुडा आहे. कृपया एकच नाव सांगा, "तिन्ही छान आहेत" असे उत्तर नको.

सातपूरकर
ताई, तुमचा वर्ण कसा आहे, ओठांचा मूळ रंग कोणता आहे, साडी कोणती नेसणार आहात आणि कार्यक्रम दिवसा आहे की संध्याकाळी, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. एवढ्यावरून नाव सांगणे म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवणे होईल.

अंजिरी
प्रॅलीन डोळे झाकून घ्या. माझा वर्ण गव्हाळ आहे आणि ही माझी तिसरी नळी आहे. मॅडेलीन मी मैत्रिणीकडून घेऊन लावून पाहिला, तेव्हा ओठ चेहऱ्यातच विरघळल्यासारखे दिसत होते.

रविवार_कारंजा
अंजिरीताई, तुमचा अनुभव तुमच्या ओठांवरचा आहे, तो दुसऱ्यांना जसाच्या तसा लागू होणार नाही. ग्लॉस लिपस्टिकसारखा ओठ झाकत नाही. त्याचा थर अर्धपारदर्शक असतो आणि खालचा रंग त्यातून वर येतो. नळीत तो जाड थरात भरलेला असल्यामुळे गडद दिसतो, ओठांवर पातळ पसरला की फिकट होतो. म्हणूनच एकच छटा एकीला गुलाबी आणि दुसरीला तपकिरी दिसते. माझ्या मते टिरामिसू घ्यावा, कारण आपल्याकडच्या बहुतेक वर्णांना तपकिरी रंग साथ देतो.

अंजिरी
दुसऱ्याचा अनुभव लागू होत नाही असे म्हणून शेवटी आपणही एक नाव सांगितलेच आहे.

पंचवटी_७
मॅट, म्हणजे बिनचमकीची लिपस्टिक लावावी. ग्लॉसला केस चिकटतात आणि जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तो जातो.

गोदाकाठची
मॅट लिपस्टिकबद्दल मी विचारलेले नाही. या थंडीत माझे ओठ फुटतात, म्हणूनच मला ग्लॉस हवा आहे. राहिलेली माहिती देते. वर्ण गव्हाळ असून किंचित पिवळसर झाक आहे. ओठांच्या कडा गडद तपकिरी आहेत आणि मधला भाग फिकट गुलाबी आहे. साडी येवल्याची मोरपिशी पैठणी आहे. कार्यक्रम गंगापूर रोडवरील लॉन्सवर संध्याकाळी सात वाजता आहे.

आजीचा_बटवा
कडा काळ्या असतील तर आधी त्यावर उपाय करावा. रोज रात्री साजूक तूप लावावे, सकाळी लिंबू आणि साखरेने ओठ चोळावेत, नंतर बिटाचा रस लावावा; मग ग्लॉसची गरजच उरणार नाही.

रविवार_कारंजा
तूप अवश्य लावावे, कारण ओठांना तैलग्रंथी जवळजवळ नसतात आणि कोरडेपणा त्यांना लवकर जाणवतो. लिंबू मात्र कृपया लावू नये. ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून आणखी काळवंडू शकते. शिवाय कडांचा हा रंग अनेकींचा जन्मजात असतो, तो आजार नाही.

सातपूरकर
आता नीट सांगता येईल. तुमच्या मागच्या ग्लॉसचा पांढुरकेपणा बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे आला असावा. फिकट छटांमध्ये हे पांढरे रंगद्रव्य अधिक लागते आणि गव्हाळ किंवा सावळ्या ओठांवर ते राखाडी दिसते. वेष्टनावर ते सी.आय. ७७८९१ या आकड्याने लिहिलेले असते, परंतु हा आकडा बहुतेक छटांवर सापडतो आणि प्रमाण कळत नाही, म्हणून यादी वाचून निवड करता येणार नाही. कंपनी स्वतः मॅडेलीनला मध्यम न्यूड, प्रॅलीनला गडद न्यूड आणि टिरामिसूला तपकिरी बेज (फिकट मातकट) म्हणते. तुमच्या ओठांच्या मधल्या फिकट भागावर मॅडेलीन तसाच पांढुरका वाटण्याची शक्यता आहे, त्यामुळे तो मी बाजूला ठेवेन. उरलेल्या दोन छटा कॉलेज रोडवरील किंवा मेन रोडवरील एखाद्या दुकानात पाहून घ्या. मनगटावर लावून काही कळत नाही, कारण तिथे ओठांचा रंग नसतो. बोटाच्या टोकाला लावा, ते ओठांच्या रंगाच्या अधिक जवळ असते. टेस्टर, म्हणजे दुकानातली लावून पाहायची नळी, थेट ओठांना लावू नका, अनेकांचे तोंड त्याला लागलेले असते. आणि लॉन्सवरचे दिवे पिवळे असतात, त्यात बेज रंग आणखी पिवळा होतो, हे विसरू नका.

अंजिरी
पिवळ्या दिव्यांखाली प्रॅलीनचा गुलाबी अंश टिकतो, मी लग्नात पाहिले आहे. कडांसाठी ओठांच्या कडेच्याच रंगाची तपकिरी लिप पेन्सिल घ्यावी, ती आतल्या बाजूला बोटाने पुसट करावी आणि ग्लॉस फक्त मध्ये लावावा. मग दोन रंगांची सीमा दिसत नाही.

रविवार_कारंजा
पेन्सिलबाबत मी सहमत आहे. टिरामिसूचा आग्रहही सोडतो, कारण पिवळ्या दिव्यांचा विचार मी केला नव्हता.

गोदाकाठची
आज दुपारी कॉलेज रोडवर जाऊन आले. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली दोन्ही छटा खरोखर सारख्याच दिसत होत्या. मग दोन बोटांना एकेक लावून बाहेर पायरीवर उन्हात उभी राहिले, तेव्हा टिरामिसू मातीसारखा आणि प्रॅलीन चिकूच्या गरासारखा दिसला. त्यानंतर घरून मोरपिशी ब्लाउजपीस नेला होता, तो बोटांशेजारी धरला आणि मातकट रंग त्याच्यापुढे मलूल वाटला. प्रॅलीन घेतला, सोबत तपकिरी पेन्सिलही घेतली. आत्ता घरी स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली लावून पाहिले आणि बहिणीला दाखवले. तिने ग्लॉसबद्दल काहीच विचारले नाही, फक्त "तुझे ओठ आता फुटलेले नाहीत" एवढेच म्हणाली. मला नेमके हेच हवे होते.

पंचवटी_७
जेवणानंतर पुन्हा लावण्यासाठी नळी बटव्यात ठेवा.