ड्रॅगच्या आरएक्सला टायमिंग एकच ठेवायचं की कर्व्ह द्यायचा?

कॉइलप्लेट_सातारा
माझं मत स्पष्ट आहे. ड्रॅग म्हणजे ४०२ मीटरची सरळ शर्यत. त्यासाठी बांधलेल्या यामाहा आरएक्स १०० ला, म्हणजे आपल्या टू-स्ट्रोक बाइकला, इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) सगळ्या आरपीएमला एकच ठेवावं. हल्ली पोरं पहिल्याच महिन्यात प्रोग्रॅमेबल सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) घेतात आणि दुसऱ्याच्या इंजिनाचा कर्व्ह, म्हणजे आरपीएमनुसार बदलणारं टायमिंग, आपल्या गाडीत भरतात. ड्रॅगमध्ये इंजिन पॉवरबँडच्या (जिथे खरी ताकद मिळते त्या आरपीएमच्या पट्ट्याच्या) खाली येतंच कुठे? अमेरिकेत स्मॉल ब्लॉक शेवरले व्ही८ या कारच्या इंजिनावर कितीतरी जण डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा भाग) ३४ ते ३६ अंशांवर लॉक करून पळवतात. मी प्लगच्या भोकातून डायल गेज लावतो आणि टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) आधी १.९ मिमीवर टायमिंग बसवतो. ५० मिमी स्ट्रोकला ते क्रँकच्या फिरण्यात जवळपास २० अंश येतं. उरलेले पैसे क्लच प्लेट्स आणि स्प्रॉकेटवर घाला.

पाइप_कोल्हापूर
दादा, डायल गेजचं पटलं. व्ही८ चं उदाहरण मात्र इथे बसत नाही, त्या इंजिनाला एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा मध्ये फुगीर एग्झॉस्ट पाइप) नसतो. आपली बरीचशी ताकद पाइपातून परत येणाऱ्या लाटेवर असते आणि त्या लाटेचा वेग आतल्या वायूच्या तापमानावर. वरच्या आरपीएमला टायमिंग रिटार्ड केलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली, की जास्त उष्णता एग्झॉस्टमध्ये जाते आणि लाट लवकर परतते. तोच पाइप आखूड असल्यासारखा वागतो, गाडी पॉवरच्या टोकानंतरही ओढत राहते. एकाच टायमिंगवर हे मिळणार नाही.

कॉइलप्लेट_सातारा
पण सगळी धाव पंधरा सेकंदांच्या आसपास संपते. तेवढ्यात पाइप तापतो कधी?

पाइप_कोल्हापूर
पत्रा तापायची वाट बघायची गरज नाही, वायू तापला की झालं. १०,००० आरपीएमला सेकंदाला १६६ स्फोट होतात. टायमिंग बदललं की पुढच्या काही स्फोटांतच एग्झॉस्टचं तापमान बदलायला लागतं.

फोरस्ट्रोक_मिरज
मला इथे अडतंय. १०,००० ला २० अंश म्हणजे सेकंदाचा फक्त तीन हजारावा भाग. ३,००० ला त्याच्या तिपटीहून जास्त वेळ मिळतो. मग वरच्या आरपीएमला ॲडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या किती आधी पडते ते) वाढवायला हवा ना? आमच्या फोर-स्ट्रोकला तसंच करतो.

पाइप_कोल्हापूर
भाऊ, आरपीएम वाढतो तशी सिलिंडरमधली घुसळणही वाढते आणि ज्वाला वेगाने पसरते. त्यात पाइप जिथे सिलिंडर सर्वांत चांगला भरतो, तिथे मिश्रण आणखी झपाट्याने जळतं. म्हणून टू-स्ट्रोकला खाली जास्त ॲडव्हान्स आणि वर कमी.

मशीनशॉप_भोसरी
तुम्ही दोघे अंशांवर भांडताय, मी पिस्टनबद्दल बोलतो. दोन वर्षांपूर्वी मी अंदाजाने प्लेट फिरवून ॲडव्हान्स वाढवला होता. गाडी खालून इतकी तिखट झाली की मी खूश. तिसऱ्या धावेत पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं. पाइपच्या आवाजात डिटोनेशन (मिश्रणाचं आपोआप, एकदम पेटणं) कानाला कळतच नाही. आधीच्या धावेनंतर प्लग काढून टोकाचं पांढरं पोर्सेलीन बघितलं असतं, तर त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार ठिपके दिसले असते. त्या दिवसापासून प्रत्येक धावेनंतर भिंगाने प्लग बघतो.

आणखी एक. डायल गेजने लावलेलं टायमिंग इंजिन बंद असतानाचं असतं. मॅग्नेटची चावी जरा सरकली असेल किंवा सीडीआय वर गेल्यावर मागे पडत असेल, तर ते टायमिंग लाइटशिवाय (चालत्या इंजिनावर टायमिंग दाखवणाऱ्या दिव्याशिवाय) दिसणार नाही. सातारकर, तुमचे २० अंश ९,००० ला खरंच २० राहतात का, कधी बघितलंत?

कॉइलप्लेट_सातारा
लाइट फक्त आयडलला लावली आहे, हे मान्य करतो. तरी नवशिक्याने कर्व्हला हात लावू नये, हे मत कायम आहे. कर्व्ह चुकला की नेमकं कुठे चुकला, हे त्याला सापडत नाही. मी स्वतः मात्र करून बघतो. ९,००० पर्यंत २०, तिथून उतरवत ११,००० ला १६.

पाइप_कोल्हापूर
करा, पण त्या दिवशी जेट (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारा भाग) आणि स्प्रॉकेट बदलू नका. आणि निकाल एकूण वेळेवरून ठरवू नका, त्यात क्लच कसा सोडला हेही येतं. शेवटच्या रेषेवरचा वेग बघा. सकाळी थंड हवेत तीन धावा जुन्या टायमिंगवर, लगेच तीन नव्यावर. मध्ये ऊन चढू देऊ नका.