जुन्या छापील चित्रातल्या जहाजांची निशाणं कशी वाचायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी, आजोबांच्या पेटीत एक इंग्रजी छापील चित्र सापडलं. किल्ला, तोफांचा धूर, सहा-सात जहाजं. खालच्या मजकुराची पट्टी वाळवीनं खाल्ली आहे. आजोबा सांगायचे, "हा आपला मालवण." सिंधुदुर्ग तेव्हा कोल्हापूरकरांकडं होता. १७६५ साली इंग्रजांनी तो घेऊन फोर्ट ऑगस्टस नाव ठेवलं, पुढं परत केला, आणि १८१२ च्या तहात मालवण कायमचं गेलं. म्हणून या चित्रात जीव अडकलाय.

भिंग घेऊन बसलो. मोठ्या जहाजाच्या निशाणावर आडवे पट्टे, कोपऱ्यात फुली. हे ईस्ट इंडिया कंपनीचं, एवढं कळलं. पण एकाआड एक पट्ट्यात बारीक उभ्या रेघा कोरल्यात आणि त्यावर कुणीतरी निळा रंग भरलाय! कंपनीचे पट्टे तर लाल-पांढरे ना?

डावीकडच्या गलबताच्या मागच्या काठीवर दोन निशाणं आहेत. वर पट्ट्यांचं, त्याखाली दोन टोकांचं. खालचं आपलं असेल का? फ्रेमवाला म्हणतो रंग धुऊन देतो, मी अजून हात लावू दिलेला नाही.

प्रतिसाद: अजिबात धुऊ देऊ नका. काळ्या छपाईत रंग रेघांनी दाखवायची पद्धत होती: उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा पांढरी. पेत्रा सांक्ता या पाद्र्याच्या १६३८ च्या ग्रंथानं ती रूढ झाली. सगळे कोरणारे ती काटेकोर पाळत नसत, पण तुमच्या रेघा कंपनीच्या लाल पट्ट्यांशी जुळतात. निळा रंग भरणाऱ्याची चूक दिसते.

एका काठीवर दोन निशाणं म्हणजे धरलेलं जहाज. वरचं जिंकणाऱ्याचं, खालचं हरलेल्याचं. कोपऱ्यातली फुली नीट बघा. नुसतीच उभी-आडवी असेल तर १७०७ च्या आधीची, तिरप्या पांढऱ्या पट्ट्या असतील तर त्यानंतरची, त्यांत लालही असेल तर १८०१ नंतरची. आणि किल्ला चहूबाजूंनी पाण्यात आहे का? सिंधुदुर्ग पाण्यात आहे. चित्र विजयदुर्गाचंही असू शकतं, तो १७५६ मध्ये इंग्रजांपुढं पडला, पण तो जमिनीला लागून आहे.

धागाकर्ता: मनापासून आभार! तिरप्या पट्ट्या आहेत, पांढऱ्याच. किल्ल्याभोवती पाणीच दिसतंय, पण डावी कड फाटलीय. समुद्राच्या बाजूनं काढलेला सिंधुदुर्गाचा फोटो कुणाकडं असेल तर कृपया टाका, बुरूज जुळवून बघतो.