प्रिसिजन एम४८०० चं ग्राफिक कार्ड बदलायचं की आधी तापणं थांबवायचं?

घरकुल_अकोला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे डेल प्रिसिजन एम४८०० आहे, रिफर्बिश्ड घेतलेला, आय७-४८००एमक्यू, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड क्वाड्रो के२१००एम २ जीबी. घरांचे प्लॅन-एलेव्हेशन करतो, ऑटोकॅड आणि स्केचअप, आणि आता गिऱ्हाइकाला थ्रीडी दाखवल्याशिवाय काम पुढं सरकत नाही म्हणून ब्लेंडर पण. लॅपटॉप दणकट आहे, कीबोर्डवर हात बसलाय, नवीन वर्कस्टेशनचे भाव बघितले तर सध्या शक्य नाही.

त्रास असा की रेंडर लावला की थोड्याच वेळात कार्ड ९४ डिग्रीला जातं, पंखा बोंबलायला लागतो आणि क्लॉक म्हणजे कार्डाचा वेग ६६७ मेगाहर्ट्झवरून निम्म्याच्याही खाली येतो, मग जे फ्रेम आधी भराभर निघत होते ते रखडतात. दुसरं म्हणजे मोठा सीन असला की ब्लेंडर 'आउट ऑफ मेमरी' म्हणून थांबतं. ऑफिस एमआयडीसीकडे, शेजारीच जिनिंग, सीझनमध्ये रुई उडत असते. एसी नाही, कूलर आहे, मे महिन्यात खोलीतच ३८-४० असतं.

इथला एक दुकानदार म्हणतो के५१००एम टाकून देतो, ८ जीबीचं आहे, आरामात बसतं. बसतं का खरंच? की आधी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वगैरे बदलून बघू? आणि हो, चालू करताना अ‍ॅडॉप्टरबद्दल काहीतरी इंग्रजीत येतं, एक बटण दाबलं की जातं, ते घेतल्यापासूनच आहे.

पाना_पक्कड
भाऊ, तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेली ओळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अ‍ॅडॉप्टर उलटा करून मागचं लेबल वाचा. एम४८०० ला १८० वॉटचा लागतो, म्हणजे १९.५ व्होल्ट आणि ९.२३ अँपिअर. तिथं ६.७ अँपिअर लिहिलं असेल तर तो १३० वॉटचा आहे आणि रिफर्बिश्डवाले सर्रास तोच देतात. चालू होताना जो मेसेज येतो त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की कमी वॉटचा अ‍ॅडॉप्टर सापडला, सिस्टिम त्या हिशेबाने परफॉर्मन्स कमी करेल. म्हणजे तुमचा क्लॉक पडतो तो निव्वळ उष्णतेने पडतो हे अजून ठरलेलं नाही.

मेसेजमध्ये अ‍ॅडॉप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असं असेल तर गोष्ट वेगळी. डेलच्या गोल पिनच्या आत मधोमध सुईएवढी बारीक पिन असते, वीज तिच्यातून जात नाही, अ‍ॅडॉप्टर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला त्या पिनवरून कळतं. ती वाकली, तुटली किंवा डुप्लिकेट अ‍ॅडॉप्टर असला की लॅपटॉप बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर अगदी खालच्या स्पीडला आणून ठेवतो. टॉर्च मारून बघा, जॅकच्या बाजूने पण.

मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर लावून रेंडर चालवा आणि सेन्सरच्या टॅबमध्ये परफकॅप रीझन, म्हणजे वेग कशामुळं अडलाय ते, बघा. थर्मल दाखवतंय की पॉवर, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. हे बघितल्याशिवाय एक रुपयाही कार्डावर घालू नका.

दख्खन_८६
के५१००एम अजिबात घेऊ नका. तो एमएक्सएम (लॅपटॉपमधल्या सुट्या कार्डांचा साचा) टाइप बी आहे, १०० वॉटचा, एम६८०० सारख्या १७ इंची मशिनचा. एम४८०० मध्ये टाइप ए बसतं, ५५ वॉटपर्यंत. टाइप ए ची पाटी ८२ बाय ७० मिलिमीटर, टाइप बी ची ८२ बाय १०५, म्हणजे स्लॉटची पट्टी तीच असली तरी कार्ड लांबीला ३५ मिलिमीटर बाहेर येतं आणि तुमचा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) त्याच्यावर बसतच नाही. समजा घासून-कापून बसवलं तरी १०० वॉटची उष्णता कार्डाच्या त्या एका पंख्याने आणि एवढ्याशा पाइपने बाहेर कशी जाणार, आणि तेही अकोल्याच्या मे महिन्यात? 'बसतं' म्हणणाऱ्याला फक्त टाइप विचारा, उत्तर आलं नाही तर तिथून निघा.

शिवाय के५१००एम पण केप्लरच, म्हणजे तुमच्या कार्डाचीच जुनी एनव्हीडिया पिढी. केप्लरचा ड्रायव्हर ४७० वर संपला, म्हणजे ८ जीबी मिळाले तरी जुन्याच वाटेवर अडकून राहाल. बदलायचंच तर त्यापुढच्या मॅक्सवेल पिढीचं घ्या. एम२०००एम किंवा एम२२००, दोन्ही टाइप ए, दोन्ही ५५ वॉट, दोन्हींना ४ जीबी. के२१००एम पण ५५ वॉटचंच आहे, म्हणजे उष्णता वाढणार नाही आणि काम बरंच जास्त मिळेल, मला या मशिनसाठी हाच एक शहाणा अपग्रेड वाटतो. कोअर मोजले तर के२१००एम ला ५७६, एम२०००एम ला ६४० आणि एम२२०० ला १०२४, पण पिढी वेगळी असल्याने नुसत्या आकड्यांवर जाऊ नका, मॅक्सवेलचा एकेक कोअर केप्लरपेक्षा जास्त काम उपसतो. ब्लेंडरमध्ये रेंडर वेगाने करणारं एनव्हीडियाचं ऑप्टिक्सही मॅक्सवेलपासून पुढेच चालतं.

तोवर फुकटातला उपाय करा. ब्लेंडरच्या रेंडर प्रॉपर्टीजमध्ये सिम्प्लिफाय आहे, त्यात टेक्स्चर लिमिट २०४८ किंवा १०२४ करा. टाइल्सचं आणि लाकडाचं ४के टेक्स्चर दहा ठिकाणी लावलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला पाठवायच्या चित्रात त्यातलं निम्मंही दिसत नाही. २ जीबी बहुतेक तिथंच भरते.

खलबत्ता
मी यवतमाळला लॅपटॉप दुरुस्तीच करतो म्हणून रुईबद्दल लिहितो, कारण आपल्याकडच्या मशिनमध्ये हा प्रकार पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा असतो. साधी धूळ असली तर ब्लोअरने उडते. रुईचे तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्या मधल्या फटीत थापले जातात, त्यावर धूळ बसते आणि नमद्याचा तुकडा असावा असा जाड थर तयार होतो. बाहेरून जाळीतून बघितलं तर पात्या स्वच्छ दिसतात कारण थर आतल्या बाजूला असतो. बाहेरून हवा मारली तर तो सुटत नाही, उलट पंख्यात जाऊन अडकतो. पंखा स्क्रू काढून वेगळा करायचा आणि चिमट्याने तो थर अख्खा उचलून काढायचा. एम४८०० मध्ये प्रोसेसरचा पंखा वेगळा आणि कार्डाचा वेगळा, दोन्ही करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर नको तेवढं गरगर फिरून बेअरिंग जातं. उघडायचं कसं याचं ओनर्स मॅन्युअल डेलच्या साइटवर फुकट पीडीएफ आहे, त्यातला क्रम सोडू नका.

आता पेस्ट. कार्डाची चिप उघडी असते, वर झाकण नसतं, आणि रोज तापणं-थंड होणं यामुळं पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, मधे कोरडी राहते. म्हणून रेंडरवाल्या मशिनला मी पेस्टऐवजी पीटीएम७९५० ची शीट लावतो, ती साधारण ४५ डिग्रीच्या पुढं मऊ होऊन नीट पसरते आणि बाहेर निघत नाही. फक्त अस्सल मिळाली पायजे, नकली खूप आलीय. नाही मिळाली तर आर्क्टिक एमएक्स-४ पण चालेल, वर्षा-दोन वर्षांनी परत करावी लागेल एवढंच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नखाने किंवा पट्टीने खरवडू नका, चिपचा कोपरा उडाला की कार्ड गेलं.

आणि पॅड. मेमरी चिपवर जी मऊ चौकोनी पॅडं असतात ती फाटली तर त्याच जाडीची घ्या. बाजारात ०.५, १ आणि १.५ मिलिमीटर मिळतात आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण ०.५ च्या जागी १ लावलं की हीटसिंक पॅडवर टेकतो आणि मुख्य चिपला टेकतच नाही, मग नवीन पेस्ट लावूनही टेंपरेचर आधीपेक्षा जास्त येतं आणि माणूस पेस्टला शिव्या देतो. पेस्ट लावत असाल तर एकदा स्क्रू तिरपे-तिरपे, समोरासमोरचे असे आवळा आणि परत उघडून छाप बघा. चिपच्या चारी कोपऱ्यांवर सारखा पातळ छाप आला तर बरोबर, एका बाजूला जाड राहिला तर हीटसिंक तिरका बसलाय. मग पुसून ताजी पेस्ट लावून बंद करा.

खोलीचं पण समजून घ्या. खोली २५ ऐवजी ४० डिग्री असली की चिप पण जवळपास तेवढीच म्हणजे १५ एक डिग्री वर जाणार, त्याला कुठलीच पेस्ट काही करू शकत नाही. मोठे रेंडर रात्री लावा. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचला कारण हवा खालून आत जाते. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका, बारीक थेंब उडतात आणि आपल्याकडच्या पाण्याचे क्षार आत बसतात. कूलरची हवा खोलीत फिरू द्या, खिडकी उघडी ठेवा.

घरकुल_अकोला
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. अ‍ॅडॉप्टर १३० वॉटचाच निघाला. डेलचा १८० वॉटचा आणला, मेसेज बंद झाला, ऑटोकॅड पण सुटसुटीत वाटतंय. मग मशिन उघडलं, खलबत्ताभाऊंनी सांगितलं तसाच थर निघाला, कार्डाच्या बाजूला जास्त जाड. शीट मिळाली नाही म्हणून एमएक्स-४ लावली, पॅडं शाबूत होती. आता तोच सीन, तीच खोली, कार्ड ८१ ला थांबतं आणि क्लॉक ६६७ वरून हलत नाही. टेक्स्चर लिमिट २०४८ केल्यावर दोन सीन निघाले, पण झाडं-लॉन असलेला मोठा सीन अजून मेमरीवर अडतो. म्हणून एम२२०० बघतोय. दिल्लीच्या नेहरू प्लेसच्या एकाकडे एचपीच्या मशिनमधून काढलेलं आहे म्हणतो. घेऊ का? काय काय विचारू?

दख्खन_८६
८१ म्हणजे छान, आता कार्डाचा विचार करायला हरकत नाही. एचपीचं चालू शकतं पण दोन गोष्टींची तयारी ठेवा. कार्डातला व्हीबायोस (कार्डाचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर) एचपीचा असल्याने एनव्हीडियाचा ड्रायव्हर सरळ बसणार नाही, ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (कुठली कार्डं चालतील याची यादी) तुमच्या कार्डाचा हार्डवेअर आयडी घालून, सिग्नेचर तपासणी तात्पुरती बंद करून बसवावा लागतो. आणि डेलच्या बोर्डाला परक्या कार्डाचं तापमान कधी कधी नीट कळत नाही, पंखा उशिरा जागा होतो. तसं झालं तर एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डेलचे पंखे हाताने चालवता येतात, रेंडरच्या आधी वाढवून ठेवा. डेलच्या मशिनमधून काढलेलं मिळत असेल तर थोडे जास्त देऊन तेच घ्या, दोन्ही कटकटी बऱ्याच कमी होतील. बदलण्याआधी बायोसमध्ये (मशिन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) स्विचेबल ग्राफिक्स चालू आहे ना बघा, म्हणजे स्क्रीन प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सवर चालेल आणि कार्डाची सगळी मेमरी रेंडरला मोकळी राहील.

पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे जवळून फोटो मागा, टाइप ए आहे का ते भोकांवरून आणि लांबीवरून कळेल. सोनेरी पट्टीवर काळे डाग नकोत, चिपच्या कडेला चिकट तपकिरी फ्लक्स (सोल्डरिंगचं रसायन) दिसला तर ती तापवून परत बसवलेली आहे, सोडून द्या. जीपीयू-झेडचा चालू मशिनवरचा स्क्रीनशॉट पण मागा, त्यात ४ जीबी आणि १०२४ शेडर (म्हणजे कोअर) दिसले पाहिजेत. मेमरीच्या चिप्स तुमच्या जुन्या कार्डापेक्षा वेगळ्या जागी असू शकतात, तेव्हा बसवण्याआधी कार्ड आणि हीटसिंक शेजारी ठेवून कुठलं पॅड कुठं येतं ते बघा. आणि के२१००एम विकू नका, नवीन कार्डावर स्क्रीन काळी आली तर बायोसची सेटिंग बदलायला तेच परत घालावं लागेल.