मदत हवी आहे: वापिती २ए च्या १:४८ मॉडेलसाठी

नमस्कार मंडळी. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोडवर आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वेस्टलँड वापिती २ए या दुपंखी विमानांवर. त्यातलंच एक प्लास्टिक शीटमधून बनवायला घेतलंय. पंखांचा विस्तार ४६ फूट ५ इंच, म्हणजे मॉडेलवर २९५ मिमी.

पहिली अडचण फ्यूजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची. हाताशी असलेला आराखडा मार्क ५ चा, म्हणजे वापितीच्याच दुसऱ्या आवृत्तीचा वाटतो. मार्क ५ मागच्या बाजूला २ फूट लांब, म्हणजे १:४८ मध्ये जवळजवळ १३ मिमी. एवढा फरक डोळ्यात खुपतो. तेवढी लांबी कमी करायला कापायचं नेमकं कुठे? मागच्या गनरच्या स्कार्फ रिंगनंतर (बंदूक फिरवायच्या गोल कड्यानंतर) लगेच कापलं तर शेपटीकडचा निमुळतेपणा बिघडतो, अन् जोडावर पायरी दिसते.

दुसरं, पंखांमधल्या ताणाच्या तारा. खऱ्या विमानाच्या तारा चपट्या होत्या, त्यामुळे गोल नायलॉन दोरा नकली दिसतो. चपटा लवचिक धागा चालतो, पण जास्त ताणला की वरचा पंख टोकाशी खाली झुकतो. दोन बे (प्रत्येक बाजूला स्ट्रटच्या, म्हणजे पंखांमधल्या उभ्या दांड्यांच्या, दोन जोड्या) असल्यामुळे आतले स्ट्रट आधी पक्के करून, रात्रभर सुकवून मगच बाहेरचे लावावेत असं माझं मत. कोणी जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) वापरून केलंय का?

शिवाय जमिनीवरून निरोपाची पिशवी उचलायचा पोटाखालचा हुक. दिल्लीच्या पालम संग्रहालयातल्या वापितीचा खालून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर कृपया टाका. समोरून काढलेले भरपूर आहेत, ते नकोत.