विषय: बाबांना लघवीची नळी (कॅथेटर) स्वतःच घालायला सांगितलंय, कुणाला अनुभव?

नोव्हायहून:

नमस्कार मिशिगनकर मंडळी,
बाबा नाशिकहून आलेत. जुनी शुगर. मागच्या आठवड्यात लघवी तुंबली. इमर्जन्सीत नळी घातली तर लिटरभराहून जास्त निघाली, आणि गंमत म्हणजे त्यांना फारसं दुखतही नव्हतं. युरॉलॉजिस्ट म्हणतात, कायमची फॉली (आत राहणारी नळी) नको. दिवसातून चार-पाचदा बाबांनी स्वतःच नळी घालून ब्लॅडर रिकामं करायचं. हात साबणाने धुतले की पुरे म्हणे, निर्जंतुक हातमोजेसुद्धा नकोत! आईने हायच खाल्लीय. बाबांचं एकच, "ऑपरेशन थिएटरातलं काम मी संडासात बसून करू?" आमच्या डॉक्टरांची ही नवीन टूम आहे की खरंच असं करतात?

अ‍ॅन आर्बरहून:

अगं, टूम कसली! ही पद्धत आपल्या गावची, आणि पन्नास वर्षं जुनी. मी युरॉलॉजीच्या वॉर्डात सिस्टर होते, म्हणून जरा लांबण लावते.

मिशिगन विद्यापीठात डॉ. जॅक लॅपिडस होते. मेंदू, मज्जारज्जू किंवा नसा बिघडल्या की ब्लॅडरचं काय होतं, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. बाबांचं जे झालंय ते त्यांच्या वर्गीकरणात चपखल बसतं: शुगरने संवेदनेच्या नसा बधिर होतात, भरल्याचं कळत नाही, ब्लॅडर ताणत जातं आणि शेवटी त्यातला जोरच जातो. निरोगी माणसाला साधारण चारशे-पाचशे मिलीलिटरला जावंच लागतं. बाबांकडे लिटर साठूनही बोंब नाही, ती यामुळे.

लॅपिडसांच्या आधी इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात डॉ. गुटमन मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांना ठरावीक वेळाने नळी घालून काढत होते, पण सगळं निर्जंतुक, आणि डॉक्टरांच्या हातून. १९६६ मध्ये त्यांनी आणि डॉ. फ्रँकेलनी ४७६ रुग्णांची माहिती छापली. उत्तमच काम, पण घरी गेलेल्या माणसाने डॉक्टर कुठून आणायचा? लॅपिडसांनी प्रश्नच फिरवला. ते म्हणाले, जंतू तर येणारच. ब्लॅडर तट्ट फुगलं की भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही, आणि मग जंतूंचं फावतं. म्हणजे नळी किती निर्जंतुक यापेक्षा ब्लॅडर वेळेवर रिकामं होतंय का, हे महत्त्वाचं. १९७२ मध्ये 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'त लेख आला. लेखकांत डिओक्नो आणि सिल्बर हे डॉक्टर, आणि चौथं नाव बेटी लोव या नर्सचं. (डॉक्टरांच्या लेखावर नर्सचं नाव, तेही तेव्हा! मला त्या लेखात हेच सगळ्यात आवडतं.) भल्याभल्या सर्जननी नाकं मुरडली. पण स्पायना बिफिडाच्या (जन्मतःच मणक्यात दोष असलेल्या) कितीतरी मुलांना आतड्याचा तुकडा काढून पोटावर लघवीची वाट करून देत असत, ते ऑपरेशन या साध्या नळीमुळे टळायला लागलं.

बाबांना सांग, घड्याळ लावून जायचं, लागण्याची वाट बघायची नाही. हात धुवायचे, जेली भरपूर लावायची, दीर्घ श्वास घेऊन सावकाश सरकवायची. प्रोस्टेटपाशी अडते, तिथे जोर करायचा नाही, क्षणभर थांबायचं. प्रत्येक वेळी किती निघाली ते वहीत लिहायचं. पाचशेच्या वर जायला लागली तर मधलं अंतर कमी करायचं, पण डॉक्टरांना विचारून.

ट्रॉयहून:

काकू, इतिहास मान्य. पण लॅपिडसांचे रुग्ण तीच नळी धुऊन परत वापरायचे. आता इथे पाकिटावर 'एकदाच वापरा' छापलेलं असतं, आणि २००८ पासून मेडिकेअर (इथला सरकारी विमा, मुख्यतः ज्येष्ठांसाठी) महिन्याला २०० नळ्यांपर्यंत पैसे देतं. आधी चार मिळायच्या. मग धुऊन वापरणं चुकीचंच ना? शिवाय लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) जंतू निघाले तर?

अ‍ॅन आर्बरहून:

नवी मिळत असेल तर नवीच वापरावी, त्यात वाद नाही. पण बाबा व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेत, त्यांना मेडिकेअर कुठलं? आणि परत गेल्यावर नाशिकला रोजच्या पाच नळ्यांचा खर्च कोण करणार, हे आधी बघा. धुऊन वापरायची झाली तर कशी आणि किती दिवस, ते युरॉलॉजिस्टकडून लिहूनच घ्या.
कल्चरचं म्हणाल तर अशी नळी वापरणाऱ्या बऱ्याच रुग्णांत जंतू दिसतात, पण त्रास काही नसतो. ताप नाही, थंडी नाही, तर नुसत्या रिपोर्टसाठी अँटिबायोटिक देऊ नये. थंडी वाजून ताप भरला तर मात्र तडक हॉस्पिटल.

नोव्हायहून:

काकू, बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. "नर्सचं नाव होतं म्हणतेस?" एवढंच विचारलं आणि आरसा मागितला. आरसा पुरुषांना लागत नाही ना हो? शिवाय इथल्या दुकानात नळीच्या जाडीचे १२ आणि १४ नंबर दोन्ही दिसतायत, चिठ्ठीवर आकडाच नाही. उद्या क्लिनिकला फोन करते. शनिवारी तुम्ही घरी असाल का?